शालेय शिक्षकांचे तंत्रज्ञान प्रशिक्षण : संगणक साक्षरता आणि अध्यापनाचा विकास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गेली पंचवीस वर्षे सेवा केलेल्या शिक्षकाच्या कपाटात प्रमाणपत्रांची एक फाइल हमखास आढळते. तीत एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असते, तंत्रस्नेही शिक्षक कार्यशाळेचे असते आणि अलीकडच्या काळातील ‘निष्ठा’ प्रशिक्षणाची तर एकामागून एक लावलेली असतात. या काळात वर्गातील अध्यापनात कोणता बदल घडला, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या फाइलमधून मिळत नाही. प्रस्तुत लेखात शालेय शिक्षकांच्या तंत्रज्ञानविषयक प्रशिक्षणाचा विचार याच प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. हे प्रशिक्षण यंत्र हाताळण्याचे असावे की अध्यापन सुधारण्याचे, हा विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय काहीसा दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि या शिक्षकांना घडविणारी अध्यापक महाविद्यालये उच्च शिक्षणाचाच भाग आहेत, आणि शाळेत जे राहून जाते त्याचा प्रत्यय अकरावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रत्येक अध्यापकास दरवर्षी येतो.

यंत्र आधी, शिक्षक नंतर

भारतीय शाळांत संगणक प्रथम आला तो १९८४-८५ मध्ये, ‘क्लास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय प्रकल्पाद्वारे. निवडक शाळांना ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. यंत्र कसे चालते याची माहिती शिक्षकांना देण्यात आली. परंतु इतिहासाच्या किंवा भूमितीच्या तासाला त्याचा कोणता उपयोग करावा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. पुढे डिसेंबर २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही योजना सुरू झाली आणि २०१२ मध्ये शालेय शिक्षणातील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरणही आले. या धोरणात शिक्षकांच्या क्षमताविकासास महत्त्वाचे स्थान आहे. प्रत्यक्षात मात्र संगणकांची खरेदी, कक्षाची उभारणी आणि विजेची जोडणी या बाबी मोजता येतात म्हणून त्या पुढे राहिल्या.

महाराष्ट्राचा अनुभव थोडा निराळा आहे. येथे २००१ पासून महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक साक्षरता पोहोचविली. ज्यांनी कधी कळफलकास हात लावला नव्हता अशा हजारो शिक्षकांनी सायंकाळी शिकवणी वर्गात बसून, अनेकदा आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या हाताखाली, हा अभ्यासक्रम पूर्ण केला. या घटनेचे सामाजिक मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हा अभ्यासक्रम लिपिक, परिचारिका, पदवीधर बेरोजगार आणि शिक्षक या सर्वांसाठी एकच होता. पत्र टंकलिखित करणे, तक्ता तयार करणे, सादरीकरणाच्या स्लाइड बनविणे ही कार्यालयीन कौशल्ये त्यात होती. इयत्ता चौथीचा भागाकार त्यात नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. अडचण निर्माण झाली ती या प्रमाणपत्राचा संबंध वेतनवाढीशी जोडला गेल्यामुळे. ३१ डिसेंबर २००७ ची मुदत, त्यानंतर रोखलेल्या वेतनवाढी आणि वसुलीचे आदेश हा विषय शिक्षक संघटनांच्या निवेदनांत पुढे अनेक वर्षे राहिला. परिणामी ‘तंत्रज्ञान प्रशिक्षण’ या शब्दप्रयोगाशी शिक्षकांच्या मनात पहिले नाते जुळले ते सेवापुस्तिकेतील नोंदीचे.

ज्ञानाचा तिसरा घटक

शिक्षकाला विषय यावा आणि शिकविता यावे, एवढे दोन घटक शिक्षक शिक्षणात पूर्वापार मानले गेले. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या दोहोंच्या संगमावर असलेल्या एका स्वतंत्र ज्ञानाकडे लक्ष वेधले. विशिष्ट आशय विशिष्ट वयाच्या मुलांना समजेल अशा रूपात कसा मांडावा, मुले नेमकी कोठे चुकतात, कोणते उदाहरण उपयोगी पडते आणि कोणते दिशाभूल करते, हे ते ज्ञान होय. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. तंत्रज्ञान हे वेगळे शिकून मग अध्यापनास चिकटवावयाचे नसून आशय, अध्यापनपद्धती आणि साधन यांचा विचार एकत्रच करावा लागतो, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल.

ही मांडणी बी.एड.च्या वर्गात तीन वर्तुळांची आकृती काढून शिकविली जाते व परीक्षेत तशीच लिहिली जाते. तिचा खरा अर्थ एका साध्या उदाहरणातून स्पष्ट होतो. अपूर्णांकांची बेरीज शिकताना अनेक मुले एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे उत्तर काढतात. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवावा, हे त्यांना स्वाभाविक वाटते. बाजारात मिळणाऱ्या तयार ध्वनिचित्रफितींमध्ये अपूर्णांक बहुधा वर्तुळाचे तुकडे करून दाखविलेला असतो. भाकरीचे चार समान भाग मुलांच्या ओळखीचे असतात, हे खरे. परंतु वर्तुळाचे तीन किंवा पाच समान भाग मुलाला स्वतः करता येत नाहीत, आणि एक तृतीयांश मोठा की दोन पंचमांश मोठा हे वर्तुळात नजरेने ठरविणे कठीण जाते. कागदाची लांब पट्टी घेतली तर घडी घालता येते आणि दोन पट्ट्या एकाखाली एक ठेवून तुलनाही करता येते. दोन पंचमांश हा तर एक द्वितीयांशाहूनही लहान आहे. मग एक द्वितीयांशात काही मिळविल्यावर उत्तर लहान कसे झाले, हा प्रश्न मूल त्या पट्टीकडे पाहून स्वतःच विचारू शकते.

अशा वेळी तंत्रज्ञानात निपुण शिक्षक कोणास म्हणावे? ध्वनिचित्रफीत प्रक्षेपकावर दाखविता येणे हे किमान कौशल्य झाले. ती कोठे थांबवावी, थांबवून कोणता प्रश्न विचारावा, वर्तुळाचे चित्र केव्हा सोडून द्यावे आणि संगणक बंद करून कागदाची पट्टी केव्हा हाती घ्यावी, हे ज्यास ठरविता येते तोच खऱ्या अर्थाने निपुण होय. हा निर्णय घेण्याचे शिक्षण कोणत्याही संगणक अभ्यासक्रमात मिळत नाही. ते गणिताच्या अध्यापनाच्या चर्चेतच मिळू शकते.

भाषेच्या बाबतीतही हेच दिसते. मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत कोरकू मातृभाषा असलेली मुले मराठी माध्यमाच्या शाळेत येतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्याने पहिलीच्या मुलास मराठी ही बोलीभेद असलेली ओळखीची भाषा नसून जवळजवळ परकी भाषा असते. तेथील शिक्षकाने मुलांनी आपसांत सांगितलेली गोष्ट भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित केली, ती पुन्हा पुन्हा ऐकून शब्द उतरवून घेतले आणि त्यांतून वर्गाचा एक छोटा शब्दसंग्रह तयार केला, तर त्या साध्या उपकरणाचा उपयोग महागड्या डिजिटल फळ्याहून अधिक अर्थपूर्ण ठरतो. त्यासाठी लागणारे तांत्रिक कौशल्य एक कळ दाबण्याइतकेच आहे. मुलाची भाषा ऐकण्यासारखी आहे, ही जाणीव मात्र शिक्षकाच्या ठायी असावी लागते.

प्रपाती पद्धती आणि तिची गळती

सेवांतर्गत प्रशिक्षणाची आपल्याकडील रूढ पद्धती प्रपाती आहे. राज्यस्तरावर तयार झालेले प्रशिक्षक जिल्ह्याला, जिल्ह्याचे तालुक्याला व तालुक्याचे केंद्राला प्रशिक्षण देतात. लाखो शिक्षकांपर्यंत अल्पावधीत पोहोचावयाचे तर दुसरा मार्ग सहसा सुचत नाही. परंतु प्रत्येक पायरीवर काही तरी गळते, आणि प्रथम गळतो तो प्रात्यक्षिकाचा भाग. राज्यस्तरावर पाच दिवस हाताळून पाहिलेली गोष्ट तालुक्याच्या सभागृहात दीडशे शिक्षकांसमोर स्लाइडच्या रूपाने वाचून दाखविली जाते. वीज गेली तर तीही सांगूनच भागवावी लागते.

ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्ये सेवांतर्गत प्रशिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेऊन त्याचे पाच घटक सांगितले : तात्त्विक माहिती, प्रात्यक्षिक दर्शन, सराव, प्रत्याभरण आणि प्रत्यक्ष वर्गात मिळणारी सहकाऱ्याची सोबत. पहिल्या दोन घटकांनी माहिती वाढते; पण नवी पद्धती वर्गात टिकून राहण्यासाठी शेवटच्या घटकाची गरज भासते, असा त्यांचा निर्वाळा होता. आपल्या प्रशिक्षणांची वेळापत्रके तपासली तर पहिल्या दोन घटकांनी दिवस भरलेला दिसतो. पाचवा घटक वेळापत्रकात बसत नाही, कारण तो प्रशिक्षण संपल्यानंतर शाळेत घडावयाचा असतो.

तंत्रस्नेही शिक्षकाचे पुढे काय होते

२०१५ मधील ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाच्या सुमारास राज्यात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. त्या वर्षांत जिल्हा परिषद शाळांतील अनेक शिक्षकांनी लोकसहभागातून निधी उभा केला, प्रक्षेपक व टॅबलेट आणले, स्वतः चाचण्या आणि ध्वनिचित्रफिती तयार केल्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याचा केलेला प्रयोग सर्वपरिचित आहे. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. हा सारा उत्साह वरून आलेल्या आदेशातून निर्माण झाला नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकून तो वाढविला.

याच काळात दुसरी एक प्रक्रिया समांतर चालू होती. २०१५ मध्येच ‘सरल’ ही विद्यार्थी माहिती प्रणाली आली. यू-डायस, शालेय पोषण आहाराच्या दैनंदिन नोंदी, शाळासिद्धी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळणी ही कामे क्रमाक्रमाने ऑनलाइन झाली. बहुतांश प्राथमिक शाळांत लिपिक नसतो. तेव्हा ही कामे कोणाच्या वाट्याला आली असतील, हे सांगावयास नको. ज्या शिक्षकास संगणक उत्तम येतो त्याला प्रथम शाळेचे, मग केंद्राचे व अखेर पंचायत समितीचे काम मिळत गेले. चांगले प्रशिक्षण घेतल्याचे फळ म्हणून वर्गापासून दूर जावे लागणे, हा विरोधाभास अनेक शिक्षकांनी अनुभवला आहे. काहींनी तर आपणास संगणक येतो हे न सांगण्याचा व्यवहारी मार्ग पत्करला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा २००९ चा कायदा आपल्या कलम २७ अन्वये जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्यास मनाई करतो. परंतु ऑनलाइन माहिती भरणे हे शाळेचेच काम मानले जात असल्याने या कलमाचा आधार तेथे फारसा मिळत नाही.

पडद्यावरील प्रशिक्षण

‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. ‘निष्ठा’ हा प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांसाठीचा कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या स्वरूपात आरंभला गेला आणि कोविडच्या साथीमुळे ऑक्टोबर २०२० पासून ‘दीक्षा’वर ऑनलाइन आला. प्रपाती पद्धतीतील गळती यामुळे निश्चितच थांबली. मुंबईच्या आणि गडचिरोलीच्या शिक्षकासमोर एकच व्याख्यान, एकाच शब्दांत आले. वेळेचे स्वातंत्र्यही मिळाले. विशेषतः लहान मुले असलेल्या शिक्षिकांना निवासी प्रशिक्षणाच्या मानाने ही सोय मोठी होती.

तथापि प्रमाणपत्रासाठी अखेरच्या चाचणीत ठरावीक गुण मिळविणे एवढीच अट राहिली, तेव्हा चाचणीची उत्तरे व्हॉट्सॲप गटांवर आणि यूट्यूबवर फिरू लागली, ही गोष्ट शिक्षकवर्तुळात सर्वश्रुत आहे. याचा दोष केवळ शिक्षकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षणाची अट आहे, आणि २०२२ मध्ये राज्यात हेही प्रशिक्षण ऑनलाइन घेण्यात आले. जेथे वेतनश्रेणी पणाला लागलेली असते तेथे शिक्षक प्रथम प्रमाणपत्राची निश्चिती करणारच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचा निरंतर व्यावसायिक विकास करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. अपेक्षा योग्यच आहे. पडद्यासमोर व्यतीत केलेले ५० तास आपोआप मोजता येतात; वर्गातील एक चूक समजून घेण्यासाठी दोन शिक्षकांनी मधल्या सुट्टीत घालविलेली वीस मिनिटे कोणतीही प्रणाली मोजत नाही. तासांचा हिशेब ज्या साधनाने ठेवला जाईल, त्या साधनाला दिसेल तेवढ्यालाच व्यावसायिक विकास म्हटले जाण्याचा धोका येथे आहे.

केरळने वेगळा मार्ग चोखाळला. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने प्रशिक्षक बाहेरून न आणता शाळेतील शिक्षकांमधूनच निवडले, मुक्त संगणकप्रणाली स्वीकारली आणि विषयांच्या पाठ्यपुस्तकांशी साधनांची सांगड घातली. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. संस्था टिकून राहिल्यामुळे एका प्रशिक्षणाचा अनुभव पुढील प्रशिक्षणास उपलब्ध झाला. महाराष्ट्राचा विस्तार व शाळांची विखुरलेली स्थिती पाहता त्याची तंतोतंत नक्कल शक्य नाही. पण प्रशिक्षक वर्गात शिकविणारा असावा, एवढे तत्त्व घेण्यास कोणतीच अडचण नाही.

सूक्ष्म अध्यापनाची हरवलेली बाजू

या संदर्भात अध्यापक महाविद्यालयांच्या एका जुन्या परिपाठाची आठवण करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले. त्यात ध्वनिचित्रमुद्रणाला मध्यवर्ती स्थान होते. छात्राध्यापकाने काही मिनिटांचा पाठ घ्यावयाचा, त्याचे चित्रण पाहावयाचे आणि सुधारणा करून पुन्हा घ्यावयाचा, असा तो क्रम होता. भारतात हे तंत्र सत्तरच्या दशकात बडोदे विद्यापीठ व राष्ट्रीय परिषदेच्या प्रयत्नांतून रुजले. येथे चित्रणयंत्र परवडणारे नसल्याने त्याची जागा निरीक्षण तक्ता भरणाऱ्या सहाध्यायींनी घेतली. पाठ ६ मिनिटे, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनर्पाठ ६ आणि पुनर्प्रत्याभरण ६ अशी ३६ मिनिटांची भारतीय प्रतिमा तयार झाली. त्या काळाच्या मर्यादा लक्षात घेता ही तडजोड कल्पक होती. कालांतराने मात्र तक्ता उरला व पाहणे संपले. मैत्रीखातर सर्व रकान्यांत चांगल्या खुणा केलेले तक्ते पाठवहीत चिकटविले जातात, हे प्रत्येक अध्यापक महाविद्यालयास ठाऊक आहे.

आज प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशात चित्रणयंत्र आहे. तरीही सूक्ष्म पाठाची पद्धती जशीच्या तशी चालू राहते, आणि त्याच महाविद्यालयात तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विषय स्वतंत्र तासाला शिकविला जातो. २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले, त्यात माहिती तंत्रज्ञानाच्या चिकित्सक आकलनाचा घटक समाविष्ट झाला. त्याचे प्रात्यक्षिक मात्र बहुधा स्लाइड तयार करण्यावर थांबते. स्वतःचा पाठ पडद्यावर पाहणारा छात्राध्यापक आपण प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थोडा वेळ थांबतो, एकाच बाकाकडे किती वेळा पाहतो, चुकलेल्या उत्तरास ‘बस खाली’ म्हणून कसे मोडीत काढतो, हे कोणी न सांगता जाणतो. सहाध्यायीने भरलेल्या तक्त्यातून हे कळत नाही.

केंद्र शिक्षण परिषद

सेवेतील शिक्षकांसाठी याच स्वरूपाचे काम करू शकेल अशी एक रचना महाराष्ट्रात पूर्वीपासून अस्तित्वात आहे. ती म्हणजे केंद्रस्तरावर होणारी शिक्षण परिषद. एका केंद्रातील शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र येतात. पाठाचे सादरीकरण, चर्चा व अनुभवकथन हा तिचा मूळ हेतू. केंद्रप्रमुखांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याने आणि परिपत्रके वाचून दाखविण्यातच वेळ गेल्याने पुष्कळ ठिकाणी ती सूचनांची सभा बनली. तेथे महिन्याला एका शिक्षकाने आपल्या पाठातील दहा मिनिटांचे चित्रण दाखवावे आणि केवळ मुलांनी दिलेल्या उत्तरांवर चर्चा व्हावी, एवढा बदल करण्यासाठी नव्या निधीची गरज नाही. सराव, प्रत्याभरण आणि सोबत हे जॉइस व शॉवर्स यांचे राहून गेलेले तीनही घटक त्यातून साधतात. जपानमधील शिक्षक पाठ-अभ्यास या नावाने एकमेकांचे पाठ पाहण्याची पद्धत गेली कित्येक दशके पाळत आले आहेत; तेथेही चर्चेचा विषय शिक्षकाची शैली नसून मुलांचा विचार हाच असतो.

अडचण आहे ती विश्वासाची. गेल्या काही वर्षांत उपक्रमांचे छायाचित्र व चित्रण विशिष्ट गटावर त्वरित पाठविण्याच्या सूचनांची शिक्षकांना सवय झाली आहे. अशा वातावरणात कोणीही आपला फसलेला पाठ चित्रित करणार नाही. सजविलेला वर्ग, पाठ करून घेतलेली उत्तरे आणि हसरे चेहरे तेवढे चित्रित होतील. म्हणून या पद्धतीस काही अटी घालून घ्याव्या लागतील. चित्रण शिक्षकाच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीतच राहील, ते वरिष्ठ कार्यालयाकडे मागितले जाणार नाही, त्यावरून गोपनीय अहवालात काही लिहिले जाणार नाही आणि मुलांच्या पालकांची संमती प्रथम घेतली जाईल. अध्यापक महाविद्यालयातील एखादा गणिताचा किंवा मराठीचा अध्यापक परिसरातील एका केंद्राच्या परिषदेत नियमित बसू लागला, तर त्यालाही आपल्या छात्राध्यापकांसाठी उदाहरणे पुस्तकातून शोधावी लागणार नाहीत. मात्र त्याने तेथे व्याख्यान देण्याचे टाळावे, आणि पहिले चित्रण त्याने स्वतःच्याच तासाचे दाखवावे.